तांदळाची पोती आणि दोन अंशांचा कोन

मंडळी, मी कोइम्बतूरला "गाड्यांच्या शर्यतीला" जाऊन आले ही बातमी सांगली-मिरजेपासून न्यू जर्सीपर्यंत पोचलेली दिसते. धाकट्या जावेने फोनवर थेट विचारलं, "जाऊबाई, या वयात हे काय नवीन खूळ?" भाच्याने नुसताच हसण्याचा आवाज काढला. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हटलं. लांबेल जरा, पण आपल्याकडे वेळ आहे. तुमच्याकडे नसेल तर चहा होईपर्यंत वाचा, बाकीचं उद्या.

पहिलं म्हणजे ती शर्यत नव्हती. त्याला ट्रॅक डे म्हणतात. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं, आपली रोजची गाडी बंदिस्त ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटांच्या पाळीने पळवायची. पहिला-दुसरा नंबर नाही. पुढे जाऊ द्यायचं असेल तर सरळ रस्त्यावर हात दाखवून वाट द्यायची. ज्याला वेगाची हौस आहे त्याने ती हायवेवर दुसऱ्यांच्या जिवावर न भागवता इथे भागवावी, हा त्यातला विचार, आणि तो मला पटतो. आमच्या नातवाची हौस भागते ती कोइम्बतूरजवळच्या चेट्टीपाळयमला, करी मोटर स्पीडवेवर. जेमतेम दोन किलोमीटरचा, वळणावळणाचा ट्रॅक. करी म्हणजे एस. करिवर्धन. या गृहस्थांनी मारुती ८०० चं इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती नावाच्या रेसच्या गाड्या तयार केल्या, आणि १९९५ मध्ये ते विमान अपघातात गेले. लहान गाडीचं इंजिन आणि मोठी जिद्द. त्यांच्या नावाच्या जागी आमची स्विफ्ट पळावी हे योग्यच झालं म्हणायचं.

आता ही गाडी कुणाची? माझी. २०१२ ची पेट्रोल स्विफ्ट, सांगलीची, एमएच १० ची. यांनी घेतली, यांनीच चालवली. शेवटच्या दोन वर्षांत मिरजेच्या दवाखान्याच्या फेऱ्या याच गाडीने झाल्या. हे गेल्यावर गाडी माझ्या नावावर झाली. मला चालवता येत नाही. मी लेकीकडे बंगळूरला राहायला आले तशी गाडीही आली, आणि नातवाच्या हातात गेली. सव्वीस वर्षांचा आहे. नोकरी करतो, कामावर मेट्रोने जातो, आणि शनिवार-रविवार गाडीखाली झोपलेला असतो.

मागच्या वर्षी करीवर एका वळणात गाडीचं शेपूट एकदम बाहेर आलं आणि ती गोल फिरून ट्रॅकबाहेर मातीत जाऊन थांबली. त्याला काही झालं नाही. पुढचा बंपर फुटला. इन्शुरन्सने हात वर केले, आणि ते बरोबरच आहे, कारण पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. पैसे त्याचे गेले, झोप त्याच्या आईची. लेक मला म्हणाली, "आई, गाडी तुझ्या नावावर आहे. विकून टाक. तुझ्यापुढे तो काही बोलणार नाही."

मी म्हटलं, विकायची तर विकू, पण गाडी फिरली का ते आधी कळू दे. चाळीस मुलांच्या वर्गात काच फुटली की आधी चेंडू कुठून आला ते बघायचं, मग छडी. ही माझी जुनी सवय.

मी बी.ए. झालेली, मराठी आणि इतिहास घेऊन, तोही मराठी माध्यमातून. पण आमच्या शाळेत शिक्षकांची नेहमी तंगी. त्यामुळे पाचवी ते सातवीची भूमिती माझ्याकडे असायची आणि ती मला आवडायचीही. या वेळी कामी आली ती तीच.

झालं होतं असं. आधीच्या एका गॅरेजने नातवाला गाडी "बसवून" दिली होती. म्हणजे आखूड स्प्रिंगा घालून दोन इंच खाली आणलेली. दिसायला गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी, त्याचे मित्र खूश. शॉकअप मात्र जुनेच. आता जो मेस्त्री गाडी बघतो तो सत्तरीचा आहे, जवळजवळ माझ्याच वयाचा. जुन्या फियाट पद्मिनींवर त्याचे केस पांढरे झालेत. त्याने मागचा शॉकअप सोडवला, रबरी ठोकळा काढून माझ्या हातात दिला आणि दख्खनीत म्हणाला, "देखो अम्मा, ये पूरा पिस गया." स्प्रिंग पूर्ण दबली की धातूवर धातू आपटू नये म्हणून हा ठोकळा असतो. गाडीच खाली बसवलेली, त्यामुळे स्प्रिंगेला दबायला जागाच उरली नव्हती. वळणात गाडी कलली की मागचं बाहेरचं चाक या ठोकळ्यावर जाऊन आदळत होतं.

यात बिघडलं काय, ते मला पालखीवरून कळलं. चार भोई पालखी घेऊन धावत वळण घेताहेत असं समजा. ओझं बाहेरच्या दोघांवर येणार. किती येणार ते धावण्याचा वेग, पालखीची उंची आणि डाव्या-उजव्या भोयांमधलं अंतर यावर ठरतं, ते काही चुकत नाही. पण त्या दोघांत पुढच्याने किती घ्यायचं आणि मागच्याने किती, हे कोण ताठ उभा आहे आणि कोण गुडघ्यात वाकतोय यावर ठरतं. जो ताठ राहतो त्याच्यावर जास्त येतं. आमचा मागचा भोई वळणाच्या मधोमध एकाएकी लाकडासारखा ताठ होत होता. सगळं ओझं त्याच्या खांद्यावर, आणि त्याचे पाय घसरले. त्यातच नातवाने घाबरून अॅक्सिलरेटर सोडला. तसं केलं की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. मग गाडी गिरकी घेणार नाही तर काय?

पुढच्या बाजूची गोष्ट याहून गमतीची. स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनियरची ही रचना, १९५० मध्ये इंग्लंडच्या फोर्ड कन्सलमध्ये आली आणि स्वस्त, सुटसुटीत म्हणून आज बहुतेक लहान गाड्यांत आहे. वर एक उभा दांडा, त्यातच स्प्रिंग आणि शॉकअप. खाली एक आडवा हात, जो चाकाला तळाशी धरतो. एक फूटपट्टी घ्या, एका टोकाला टाचणी टोचून भिंतीवर लावा. दुसरं टोक थोडं खाली झुकलेलं ठेवा आणि हळूहळू वर न्या. आडवं होईपर्यंत ते टोक टाचणीपासून लांब, बाहेर सरकतं. आडवं होऊन आणखी वर गेलं की पुन्हा आत येऊ लागतं. चाकाच्या तळाचं हेच होतं. गाडी मूळ उंचीवर असेल तर हात थोडा खाली झुकलेला असतो. वळणात गाडी कलली, चाक वर दबलं, की तळ बाहेर सरकतो आणि टायर रस्त्यावर सपाट राहायला थोडी मदत होते. गाडी फार खाली आणली की हात आधीच वर तोंड करून बसलेला. मग चाक दबलं की तळ आत ओढला जातो, आणि टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. शिवाय ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गाडीच्या वजनापेक्षाही जास्त खाली घसरतो, म्हणजे तरफ लांबते. कमी कलावी म्हणून जी गाडी खाली आणली तीच जास्त कलायला बघते! हे मला समजलं त्या दिवशी मी रात्री उशिरापर्यंत कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकृत्या काढत बसले होते.

तर आखूड स्प्रिंगा निघाल्या. पुढे जवळजवळ मूळच्या उंचीच्या, थोड्या कडक स्प्रिंगा आल्या. मागे त्याहून जरा जास्त कडक. शॉकअप चांगले घेतले, टिचक्यांनी कमी-जास्त करता येणारे. स्प्रिंग ठरवते गाडी किती कलणार, शॉकअप ठरवतो किती वेळात कलणार. बँकेच्या दाराला वर तो दांडा असतो ना, दार धाडकन न लागू देणारा, तसंच. स्प्रिंग कडक आणि शॉकअप जुना, म्हणजे दार जड आणि दांडा फुटका. अशी गाडी उसळत राहते. आणखी एक सांगते, घरात तरुण मुलं असतील त्यांच्यासाठी. मूळ स्प्रिंगेचे वेढे कापून गाडी खाली आणणारे पुष्कळ आहेत. चाक खड्ड्यात लोंबलं की तशी स्प्रिंग तिच्या बैठकीतून निसटू शकते. शिवाय रस्त्यावरची गाडी कंपनीच्या तपशिलापासून मनाला येईल तशी बदलायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. हे दोन्ही नातवाला मी लिहून दिलंय.

मग चाकांचे कोन. हे काम आमच्या सोसायटीच्या तळघरात, पार्किंगमध्ये, दोन रविवार चाललं. वॉचमन सुरुवातीला हसत होता, दुसऱ्या रविवारी दोऱ्याचं एक टोक धरून उभा होता.

जमीन सपाट दिसते, पण असते का? गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणली, चारही चाकांच्या जागी पाण्याची पातळी बघितली. एक कोपरा आठ मिलिमीटर खाली निघाला. तिथे फरशीचे पातळ तुकडे ठेवले. घरातला चौरंग डुगडुगला की आपण एका पायाखाली कागदाची घडी घालतो, तेच. त्यानंतर चालवणाऱ्याचं वजन. तो स्वतः तर गाडीखाली, मग सीटवर कोण बसणार? मी चाळीस-पंचेचाळीस किलोची, माझा उपयोग नाही. शेवटी घरातली तांदळाची पंचवीस-पंचवीस किलोची तीन पोती उचलून सीटवर ठेवली आणि त्यांना पट्टा लावला. लेकीने वरून खिडकीतून बघितलं आणि खिडकी लावून घेतली.

चाक वरून आत झुकलेलं असणं याला कॅम्बर म्हणतात. ट्रॅकवर वळताना बाहेरचं चाक कलतं, म्हणून उभं असताना त्याला आधीच आत झुकवून ठेवायचं. पुढची चाकं दोन अंश झुकवायची ठरलं. स्ट्रट आणि चाकाचा सांधा दोन बोल्टांनी जोडलेला असतो. त्यातला एक काढून त्याजागी पोटाशी एका बाजूला फुगीर असा बोल्ट घातला की तो फिरवून चाक झुकवता येतं. नातवाकडे मोबाइलवर कोन मोजायची सोय आहे. माझा तिच्यावर विश्वास बसेना. मी ओळंबा मागवला. चाकाला लागून दोरी सोडली आणि रिमच्या वरच्या-खालच्या कडांचं दोरीपासूनचं अंतर मोजलं. चारशे मिलिमीटर उंचीत चौदा मिलिमीटरचा फरक म्हणजे दोन अंश. मोबाइल म्हणाला एक पूर्णांक नऊ. ओळंबा म्हणाला चौदाला अर्धा मिलिमीटर कमी. दोघांचं जमलं. यांना हे बघायला मिळायला हवं होतं, एवढं एकदा मनात आलं.

कॅम्बर बदलला की चाकांची तोंडंही बदलतात, म्हणून तोंडं नंतर. गाडीच्या दोन्ही अंगांना चार स्टुलं मांडून, चाकांच्या मध्यांपासून मोजून, दोन समांतर दोरे ताणले. पुढची चाकं अगदी किंचित, प्रत्येकी एक मिलिमीटर, बाहेर बघणारी ठेवली. त्याने गाडी वळणात चटकन शिरते. मागे फिरवायला नट नाही, एकच आडवी तुळई आहे. मातीत जाऊनही ती वाकली नव्हती, दोऱ्याने तसं दाखवलं, तेव्हा नातवाने पहिल्यांदा मोठा श्वास सोडला.

हे सगळं मी एका वहीत लिहिलं. वही यांची. पेट्रोल किती भरलं, किती किलोमीटर झाले, कुठे हवा भरली, हे सगळं यांच्या बारीक अक्षरात. निम्म्याहून जास्त पानं कोरी होती. मी कोरं पान न सोडता पुढच्याच ओळीपासून सुरुवात केली.

बंगळूरहून कोइम्बतूर होसूर-सेलमवरून साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे आहे. मेस्त्री मागच्या सीटवर, मी पुढे. ब्रेक ऑइल नवं भरलेलं होतं. जुनं ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि तापलं की लवकर उकळतं, मग पेडल पोकळ लागतं. सकाळी सातला ट्रॅकवर पोचलो. मला सावलीतली खुर्ची आणि डोक्याला टोपी मिळाली. माझ्या पर्समध्ये खडू होता. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी असतो, कशाला ते विचारू नका.

खडूचं काम असं. टायरच्या कडेवरून, तळापासून बाजूपर्यंत, खडूची उभी रेघ मारायची. गाडी फिरून आली की रेघ कुठपर्यंत पुसली ते बघायचं. बहुतेक टायरांच्या कडेला एक बारीकसा त्रिकोण कोरलेला असतो. रेघ साधारण त्या त्रिकोणापर्यंत पुसली तर बरोबर. त्याखाली पुसली तर टायर फार मुडपतोय. त्रिकोणाच्या बरीच अलीकडे थांबली तर हवा जास्त आहे. सकाळी थंड टायरात तीस पौंड हवा भरली होती. पहिल्या पाळीनंतर पुढच्या टायरात छत्तीस! हवा तापून फुगते हे पाचवीच्या पुस्तकातलं, पण सहा पौंडांनी? खडू त्रिकोणापर्यंत पोचलाच नव्हता. नातू म्हणाला, वळणात नाक बाहेर पळतंय. गरम असतानाच पुढची हवा चौतीसवर आणली.

इथे आमचं थोडं वाजलं. त्याला हवा कमी करायची होती, मागच्या शॉकअपच्या टिचक्याही वाढवायच्या होत्या, आणि पुढच्या कमीही करायच्या होत्या. सगळं एकदम, कारण पाळ्या मोजक्याच. मी म्हटलं, एका वेळी एक. तीन गोष्टी बदलल्यास आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कुणाला विचारशील? "आजी, वेळ नाहीये गं!" मी वही मिटून मांडीवर ठेवली. मेस्त्री दुसरीकडे बघत उभा. शेवटी फक्त हवा बदलली. दुसऱ्या पाळीत नाक बरंच ऐकू लागलं. तिसऱ्या पाळीसाठी मागच्या शॉकअपला दोन टिचक्या, बस्स. वळणात शिरताना गाडी आणखी चपळ झाली.

त्याच पाळीत मी बघितलं, एका वळणात आमच्या गाडीचं मागचं आतलं चाक चक्क हवेत. कुत्र्याने खांबापाशी पाय वर करावा तसं. माझा हात खुर्चीच्या दांडीवर आवळला. मेस्त्री म्हणाला, "अच्छा है अम्मा, अच्छा है." नंतर समजावून घेतलं. पुढून ओढणाऱ्या लहान गाडीचं साठ टक्क्यांहून जास्त वजन पुढेच असतं, आणि ओढायचं, वळायचं, ब्रेकचं बहुतेक काम पुढच्याच टायरांना. मागचा भोई मुद्दाम थोडा ताठ ठेवला की पुढच्याला आराम. मागचं आतलं चाक हलकं होत होत उचललं जातं. ते हळूहळू उचललं जावं, एकाएकी नव्हे, एवढंच पाहायचं. मागच्या वर्षी ते ठोकळ्याने एकाएकी केलं होतं. आता शॉकअपच्या दांड्यावर बांधलेली प्लास्टिकची पट्टी बघितली, कितीपर्यंत सरकली ते. ठोकळ्याला अजून बोटभर जागा शिल्लक होती.

चौथ्या पाळीआधी मी त्याला एकच काम सांगितलं. ज्या वळणात गिरकी घेतली होतीस त्याच वळणात, वेग थोडा कमी ठेवून, अॅक्सिलरेटर मुद्दाम हळूच सोडून बघ. तो माझ्याकडे बघत राहिला. ही गोष्ट मी मेस्त्रीला आदल्या दिवशी विचारून ठेवली होती, आणि ते वळण मोकळं, बाजूला भरपूर माती असलेलं आहे हेही. तो गेला. त्या एका फेरीत मी देवाचं नाव घेतलं नाही असं म्हणणार नाही. गाडी आली, जराशी नाकाने आत वळली, शेपूट चार बोटं हललं असेल नसेल, आणि पुढे निघून गेली. तीनदा केलं त्याने. तीनदाही तसंच.

फेरीला किती सेकंद लागले ते वहीत आहे, इथे लिहीत नाही. त्याची आईही हे वाचते.

घरी आल्यावर लेकीने वही मागून घेतली. ती हिशेबातली आहे, तिला आकडे लागतात. रात्री जेवण झाल्यावर डायनिंग टेबलाशी बसून तिने सगळं वाचलं, यांची पेट्रोलची पानंही. मग म्हणाली, "यात लिहिलंय तसं तो दर वेळी करील कशावरून?" प्रश्न खरा आहे. मी म्हटलं, मलाही माहीत नाही. पण गाडी विकली तर तो दुसरी घेईल, आणि तिच्याखाली काय आहे ते आपल्याला कुणी सांगणार नाही. ती काही बोलली नाही. सकाळी मात्र तिनेच फॉर्म छापून आणले. सांगलीच्या आर.टी.ओ.च्या ना हरकत दाखल्यासाठी २८ नंबरचा, नाव बदलायला २९ आणि ३०. मी सह्या केल्या. गाडी आता त्याची होईल. वही माझ्याकडेच राहील असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय, आणि नोंद नसेल त्या दिवशी गाडी ट्रॅकवर जाणार नाही हेही.

पुढच्या डाव्या हाताचा रबरी बुश चिरलेला सापडलाय, त्यासाठी मेस्त्रीने शनिवारी बोलावलं आहे. बुश बदलला की कोन पुन्हा मोजावे लागणार. तांदूळ या खेपेला दुकानातून आणायचा आहे, मागच्यातलं एक पोतं आम्ही खाऊन संपवलं.